ऑक्टोबरची बॅच

नापासांचा म्हणून एक वेगळा ऋतू असायचा, हे आता सांगून कुणाला खरं वाटत नाही. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की तो सुरू व्हायचा आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला संपायचा. सगळा पावसाळा त्याच्या पोटात. आता ती परीक्षा म्हणे जुलैतच उरकून टाकतात. बरं झालं, मुलांचं वर्ष वाचतं. पण सप्टेंबर सरत आला, पाऊस दमल्यासारखा मधूनच पडू लागला आणि दुपारचं ऊन टोचायला लागलं की माझ्या छातीत अजून ती जुनी धडधड सुरू होते. परीक्षा माझी नसायची, मी शिकवणारी. तरी होते.

हल्ली मी मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली कोपऱ्यावर फाडफाड इंग्लिश शिकवणारा क्लास आहे. त्याच्या पाटीवर टाय लावलेला एक तरुण बारा महिने हसत उभा असतो. संध्याकाळी मुलं घोळक्यानं बाहेर पडतात आणि एकमेकांना हिंदीत शिव्या देत पाणीपुरी खातात. त्यांना इंग्रजी येत असेलही, मी कोण बोलणार. परवा शेजारची मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "आजी, पॅसेजचे आन्सर्स ओन वर्ड्समध्ये लिहायचेत. कॉपी केलं तर टीचर मार्क कापतात." स्वतःच्या शब्दांत. मी चष्मा शोधायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. चष्मा नाकावरच होता.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आगाशीच्या बाजारात सुक्या मासळीच्या दुकानावर एक लांबोडकी खोली होती, तिथं आमचा क्लास भरायचा. खाली बोंबील, वर इंग्रजी. ओल्या छत्र्या दाराशी उभ्या केलेल्या असायच्या, त्यांचा वास खालच्या वासात मिसळायचा आणि दोन्ही मिळून वह्यांत मुरायचे. घरी गेल्यावर मांजरं दप्तराभोवती फिरतात, असं मुलं सांगायची. क्लास चालवायचे ते एक निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना नुसतंच मास्तर म्हणत. मी नुकती बी.ए. झालेली, बावीस-तेवीस वर्षांची. घरची केळीची वाडी, चार भावंडं, आणि आम्ही ख्रिस्ती, म्हणून मला इंग्रजी येतंच असा गावाचा ठाम समज. आमच्या घरात देवाशीसुद्धा मराठीतच बोलायचे, पण हे गावाला कोण सांगणार. माझं इंग्रजी गाइडांतून आलेलं होतं. तोवर एकाही इंग्रजी बोलणाऱ्या माणसाशी मी चार वाक्यं बोलले नव्हते.

मास्तरांचा एक सिद्धांत होता. "टीचरबाई, पस्तीस म्हणजे पस्तीस. छत्तिसावा मार्क ज्याला पाहिजे त्यानं मोठ्या शाळेत जावं." त्या पस्तिसासाठी त्यांनी एक रीत बसवली होती आणि पहिल्याच दिवशी ती त्यांनी मला शिकवली. उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न वाचायचा. प्रश्नातला सगळ्यात लांब शब्द उताऱ्यात शोधायचा. सापडला की त्याच्या मागच्या टिंबापासून पुढच्या टिंबापर्यंत जसंच्या तसं उतरवायचं. 'व्हाय' विचारलं असेल तर 'बिकॉज' शोधायचं, 'व्हेन' असेल तर आकडा. व्याकरणाचंही तेच. 'ॲज सून ॲज' काढायचं, 'नो सूनर' घालायचं, मधे 'दॅन' बसवायचं. वाक्य काय म्हणतंय त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही. अर्थ लावत बसलं की वेळ जातो आणि चुका होतात.

ही रीत चालायची, हेच तिचं वाईट. पोरं पास व्हायची. कुणी एस.टी.त लागला, कुणी कारखान्यात, पेढे यायचे. मला तेव्हा त्यात काही खटकत नव्हतं. मी स्वतः तरी बी.ए. दुसरं काय करून झाले होते?

कुंदा त्या बॅचला होती. माझ्याहून तीन-चार वर्षांनीच लहान, खाडीकडच्या मिठागराच्या गावातली. तिच्या गावाला मार्चची परीक्षा परवडायचीच नाही. मार्चमध्ये मिठाचा ऐन हंगाम असतो. घरातली सगळी माणसं उन्हातान्हात मीठ ओढत असताना एकीनं उठून वसईला पेपर द्यायला जायचं, हे कुठल्याच घराला झेपत नाही. मार्चला ती एकदा बसली होती, हाताला मिठानं चिरा पडलेल्या, पेन धरवत नव्हतं. बाकीचे विषय कसेबसे सुटले, इंग्रजी राहिलं. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली जातात आणि तिथली माणसं मोकळी होतात. म्हणून तिच्यासारख्यांची खरी परीक्षा ऑक्टोबरची. चपला हातात घेऊन ती बांधावरून चालत यायची, मग एस.टी. पकडायची. जिन्याखाली पाय धुवून वर यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. नापासांच्या वर्गात पहिल्या बाकावर कुणी बसत नाही.

तिच्या प्रश्नांनी मी वैतागायची. एकदा मी नामं शिकवत होते. मोजता येणारी आणि न मोजता येणारी. पाणी, तांदूळ, मीठ, यांना अनेकवचन नाही, 'एस' लावायचा नाही, असं मी फळ्यावर लिहिलं. कुंदा उठली.

"टीचर, मीठ मोजतात की. आमचे घरान सगले मोजतात."

"गोणी मोजतात कुंदा. मीठ नाही मोजत."

"पन मीठ एक नसतंय. पयला येतं ते येगलं, मागून येतं ते येगलं. बारीक येगलं, जाडं येगलं. मंग ते एकच कसं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. "परीक्षेत एकच," मी म्हटलं. ती बसली आणि वहीत लिहून घेतलं. तिचं म्हणणं खरं होतं. मीठ पिकवणाऱ्याला मीठ मोजता येत नाही असं सांगणारी भाषा मी तिला शिकवत होते. तेव्हा मला ते फक्त गमतीचं वाटलं.

दुसरी गोष्ट त्या कुत्र्याच्या उताऱ्याची. गाइडात एक उतारा होता. बर्फाच्या वादळात एक माणूस आणि त्याचा लंगडा कुत्रा. कुत्र्याला पुढं चालवेना, म्हणून माणूस त्याला एका झोपडीत ठेवतो, अंगावर स्वतःचा कोट टाकतो आणि मदत आणायला एकटा निघतो. प्रश्न पाच. मुलांनी दहा मिनिटांत टिंबापासून टिंबापर्यंत उतरवून वह्या मिटल्या. कुंदा अजून वाचत होती. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीवर टाकायचा लादीचा बर्फ. त्याच्यावरून माणूस चालतो कसा, इथपासून तिची सुरुवात. तेही मी समजावलं. मग तिनं विचारलं, "मंग तो परत गेला का, टीचर? कुतर्‍याकडं?"

"उतारा तिथंच संपतो."

"पन म्होरं?"

"पुढं काही नाही. पुढचा प्रश्न व्हॉइस बदलण्याचा आहे."

त्या सबंध वर्गात त्या उताऱ्यात एक कुत्रा मागं राहिलाय हे फक्त तिला कळलं होतं. मुलांना मी नंतर विचारलं, गोष्ट कशाबद्दल होती? कुणी म्हणालं कोटाबद्दल. सगळ्यांना पाचपैकी चार होते. कुंदाला दीड.

त्या ऑक्टोबरला ती नापास झाली. निकालानंतर प्रश्नपत्रिका घेऊन क्लासवर आली. उतारा एका म्हाताऱ्या नावाड्याचा होता. प्रवासी घाई करतात आणि तो होडी सोडायला नकार देतो. का नकार दिला? उताऱ्यात 'बिकॉज' लख्ख होतं. बिकॉज हिज बोट वॉज ओल्ड. कुंदानं काय लिहिलं ते तिनं मला आठवून सांगितलं, पाणी ओहोटीचं होतं म्हणून. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, चार ओळी. मी कपाळाला हात लावला.

"असं कुठं लिहिलंय उताऱ्यात?"

"लिवलेलं नाय. पन सांजची येल, पानी खाली चाललंय आसं लिवलंय. तवा कोन होडी सोडल, चिखलान रुतल ना? जुनी होडी काय, नवी काय."

मी चिडले. खरंच चिडले. अर्थ कळून करायचंय काय तुला, असं मी तिला विचारलं. पस्तीस हवेत की अर्थ हवा? तेव्हा तिनं सांगितलं, आणि ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, प्रश्नपत्रिकेची घडी घालत होती.

"माजी आई मुंबईला इस्पितलान व्हती. नऊ दिस. खाटेचे पायाशी कागद आडकवलेला आसतो ना, नर्स त्येच्यावर लिवायची. मी उबी राहून वाचायची. अक्षरं सगली येत व्हती, टीचर. ए, बी, सी, समदी. पन काय लिवलंय ते नाय कललं. नर्स वाचायची न् गप व्हायची. मंग आई गेली. कशानं गेली ते मना आजून ठाव नाय." मग म्हणाली, "मना नर्स व्हयाचंय."

नर्सिंगच्या ट्रेनिंगला दहावी पास लागायची. तिची वाट त्या पस्तीस मार्कांत अडली होती. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून मी तिला आणखी कडक शिकवायचं ठरवलं. पुढच्या पावसाळ्यात तिची ती खोड मी मोडली. हाच शब्द बरोबर आहे. ती वाचायला लागली की मी उताऱ्यावर हात ठेवायची. "प्रश्न बघ. शब्द शोध. उतरव. जसंच्या तसं. एक काना इकडचा तिकडं नाही." पुढं काय झालं असं तिनं विचारलं की मी उत्तर द्यायची नाही. श्रावण गेला, गणपती गेले, खाली दुकानात ओले बोंबील पुन्हा वाळत घालायची तयारी सुरू झाली. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की कुंदानं आठवडाभरात एकही प्रश्न विचारलेला नाही. मला आनंद झाला. मास्तरांना मी ते कौतुकानं सांगितलंसुद्धा.

तिला बरोबर पस्तीस पडले. पेढ्यांचा पुडा आणि जाड्या मिठाची एक पिशवी घेऊन ती घरी आली. माझ्या आईनं ते मीठ बरणीत भरलं आणि वर्षभर आमच्या कढीला ते पुरलं.

त्यानंतर पुढचा जून उजाडेपर्यंत ती दिसली नाही. हंगाम होता. नवी बॅच भरत होती, पावसाला जोर होता, आणि ती जिना चढून वर आली. एका मोठ्या इस्पितळाची जाहिरात पेपरात आली होती, ट्रेनिंगसाठी मुली हव्या म्हणून. अर्ज इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात मागवला होता. तिनं तो हिवाळ्यातच धाडला होता. मला विचारायला आली नव्हती, कारण तिला मला चकित करायचं होतं. उत्तर मात्र अजून नव्हतं. त्यांच्या गावात पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा. त्या दोन दिवशी ती मिठावरून लवकर परतायची, बाप ओरडायचा, ती ऐकायची नाही. पुढच्या वर्षी तिचं वय त्यांच्या अटीत बसणार नव्हतं. "माजं कायतरी चुकलं आसल तर बघा ना, टीचर," म्हणाली. "कच्ची नक्कल ठेवलीय मी."

मी वही घेतली. अक्षर सुरेख, समास सोडलेला, एक खाडाखोड नाही. क्लासमध्ये पाठ करून घेतलेला अर्जाचा नमुना तिनं जसाच्या तसा उतरवला होता. फक्त 'क्लार्क'च्या जागी 'नर्स' घातलं होतं आणि तारीख स्वतःची टाकली होती. विथ रेफरन्स टू युवर ॲडव्हर्टाइजमेंट, आय बेग टू अप्लाय. उजव्या कोपऱ्यात पत्ता होता, आनंद नगर, पुणे. आणि खाली, युवर्स फेथफुली, एक्स. वाय. झेड.

परीक्षेत पत्राखाली स्वतःचं नाव लिहायचं नसतं. पेपर कुणाचा ते तपासणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून. नाव लिहिलं तर केस होते, पेपर रद्द होतो, ही धमकी आम्ही दर बॅचला दहा-दहा वेळा द्यायचो. एक्स. वाय. झेड. लिहा, आनंद नगर लिहा, सुटा. आमच्या घरी प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणायचे, तसं मुलांना ते इंग्रजी पत्राचं शेपूट वाटत असणार. हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलं नव्हतं.

"पत्ता..." मी कसंबसं म्हटलं.

"खरा पत्ता पाकिटाचे मागं लिवलाय की, मराठीन," ती म्हणाली. "आन् नाव कुठं नाय लिवलं, तुमी सांगितलेलं तसं. केस झाली आसती ना?"

मोठ्या इस्पितळांत पाकिटं फोडून टोपलीत टाकतात. तिची मार्कशीट, नाव असलेली पण पत्ता नसलेली, एक्स. वाय. झेड.च्या अर्जाला टाचलेली, कुठल्यातरी टेबलावरून हसण्यावारी गेली असेल. किंवा कुणी हसलंही नसेल. बाहेर पाऊस कोसळत होता, मागच्या बाकावर दोन पोरं कागदाचा चेंडू खेळत होती, आणि कुंदा माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

मी तिला सांगायला हवं होतं. इतक्या वर्षांत मी स्वतःपुढं बरीच कारणं मांडली. मुदत गेलेली होती, वय जाणार होतं, सांगून तिच्या हाती जळजळीशिवाय काय लागलं असतं? सगळी कारणं पटण्यासारखी आहेत. खरं कारण एवढंच की चूक तिची नव्हती, माझी होती, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. मी वही मिटून तिच्या हातात दिली. म्हटलं, "अर्ज छान आहे. एकही चूक नाही. पोस्टात गहाळ झाला असेल."

तिचा चेहरा उजळला. हे मी विसरू शकत नाही. अर्ज हरवल्याचं ऐकून तिचा चेहरा उजळला, कारण अर्ज बरोबर होता.

त्यानंतर मी शाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत इंग्रजीच शिकवलं. दरवर्षी पत्रलेखनाच्या तासाला मी सांगायची, हे एक्स. वाय. झेड. फक्त परीक्षेत, खऱ्या पत्राला आपलं नाव. पोरं तेवढं वाक्य वहीत लिहून घ्यायची नाहीत. त्याला मार्क नसायचे. उतारे मी आधी समजावून सांगायला लागले आणि माझ्या वर्गाचा निकाल खाली गेला. शाळेच्या हेडमास्तरांनी बोलावून विचारल्यावर मी परत टिंबापासून टिंबापर्यंत शिकवायला लागले. धीर एवढाच होता माझा. भाषा शिकवली म्हणायला माझ्याकडे एक माणूस होतं, आणि तिची भाषा मी पस्तीस मार्कांसाठी बंद केली. पाऊस ओसरायला लागला की हे सगळं वर येतं आणि पुढं कुठंच जात नाही.

कुंदा मला पुन्हा एकदाच भेटली, सहा-सात वर्षांनी, आगाशीच्याच बाजारात. हाताला चिरा तशाच, कडेवर एक मूल, आणि बोटाला धरलेली पाच-सहा वर्षांची पोरगी. नवराही मिठावरच. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं हातातली भाजीची पिशवी चिखलात ठेवली. पोरीला पुढं ओढून म्हणाली, "पाया पड. ह्या माज्या टीचर. माजं इस्पितलाचं लेटर ह्यांनी सोता वाचलेलं, एक चूक नाय निंगाली." पोरगी माझ्याकडे टकमक बघत राहिली. मग कुंदा माझ्याकडे वळली. "पोस्टान हरवलं, त्येला कोन काय करल. पन लिवलेलं बरोबर व्हतं, येवढं समाधान हाय." तिनं पोरीचे केस कानामागं सारले. "ही लय इचारते, टीचर. ह्ये आसं का, त्ये तसं का. मोठी झाली का तुमचेकडंच घालीन. मना शिकवलंत ना, तसंच हिला शिकवा."

मी पोरीच्या गालाला हात लावला आणि बरं म्हटलं.